खाली ठेव, मग घेतो

बबनरावांनी चाकू कधी कोणाच्या हातातून घेतलेला मी पाहिला नाही. तुम्ही कितीही अदबीनं पुढे करा, ते हात मागे घेणार आणि म्हणणार, "खाली ठेव लेका, मंग घेतो." चाकू हातोहात दिला की देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं भांडण होतं, ही त्यांची पक्की खात्री. मी म्हणायचो, "काका, आमच्या घरी असलं काही मानत नाहीत. आमच्या आजोबानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच हे सगळं सोडलं." त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "तुह्या आजोबानं सोडलं न? मी कोठी सोडलं? ठेव खाली." मग मी ठेवायचो. मोठ्या माणसाशी किती वाद घालणार?

मी अनुप, लाइनमन. खांबावर चढतो, तारा जोडतो, गावभराच्या शिव्या खातो. माझं डोकं जरा लवकर फिरतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते फिरणार आहे. वायर सोलायला खिशात चाकू लागतो, तिथून मला चाकूंचा नाद लागला. बबनरावांचा नाद माझ्यापेक्षा जुना. शेलूबाजारहून मंगरूळपीरच्या रस्त्याला लागलं की दोन-अडीच किलोमीटरवर त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे, पण बगीच्यापेक्षा त्यांचं नाव आहे ते डोळे भरण्यासाठी.

डोळे भरणं म्हणजे संत्र्याचं कलम बांधणं. जंबेरीच्या म्हणजे जंगली लिंबाच्या रोपाला खोडावर छोटी चीर द्यायची, चांगल्या झाडाच्या फांदीवरून कोंबाचा डोळा सालीसकट अलगद काढायचा, तो त्या चिरेत बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. तीन आठवड्यांनी पट्टी सोडायची. डोळा हिरवा असला तर लागला, काळा पडला तर गेला. सगळी करामत चाकूची आणि तो धरणाऱ्या बोटांची. बबनराव दिवसाला पाचशे डोळे भरायचे आणि शंभरातले पाच-सहाच काळे पडायचे. लोक त्यांना जीप पाठवून बोलवायचे. जेवणात काय हवं ते आधी विचारायचे.

असा माणूस चाकूच्या बाबतीत साधा कसा राहील? बिस्किटाच्या जुन्या डब्यात त्यांचे अकरा चाकू. प्रत्येक तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलेला. मी त्यांना मोबाईलवर पहिल्यांदा टायटॅनियमचा घडीचा चाकू दाखवला, त्या दिवसापासून म्हातारा कामातून गेला. एकसष्टाव्या वर्षी माणूस बेअरिंग काय, लॉक काय, पात्याचं पोलाद कोणतं, सगळं तोंडपाठ म्हणायला लागला. पोथी वाचायचं वय आणि हे कानाला मोबाईल लावून चाकू उघडण्याचे आवाज ऐकत बसलेले! डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, "याचं कुलूप ढिलं हाये. पैसे पान्यात."

आमच्यात तिसरा रवी, जीपवाला. त्याच्याजवळ चिनी चाकू होता, टायटॅनियमचा नुसता रंग दिलेला. बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं चहाच्या टपरीमागे बसायचो आणि चाकू काढायचो. सोनाराच्या काट्यावर आम्ही त्यांची वजनं करून आणली होती. कागद कापून पाहायचो. हातावरचे केस भादरून पाहायचो. माझी बायको सपना म्हणायची, "अर्धा हात सोललेल्या कोंबडीसारखा करून कोठून येता हो तुमी?" रवीचा चाकू दरवेळी हरायचा आणि रवी दरवेळी रागावायचा. "नाव मोठं करून काय फायदा बे," तो म्हणायचा, "माह्यानं सुतळी कापते, टायर कापते, पोरीच्या वाढदिवसाचा केकही कापला."

मी मात्र खऱ्याच्या मागे होतो. बंगळुरूला एक कारागीर आहे, एकटाच बसून वर्षाला चाळीस चाकू करतो. मूठ अस्सल टायटॅनियमची, वजन सत्तर ग्रॅमच्या आत, एका बोटानं उघडणारा. त्याच्या यादीत मी नाव लिहिलं. पैसे किती ते विचारू नका, सपनालाही अजून खरा आकडा माहीत नाही. कारागीर दर महिन्याला कळवायचा, "पुढच्या महिन्यात." असे चौदा महिने गेले. सपना म्हणाली, "नऊ महिन्यांत लेकरू होते, तुमचा चाकू काहून होऊन नाही राह्यला?" बबनराव रोज सकाळी फोन करायचे, "आला?" माझ्या लग्नाची तारीख ठरायची होती तेव्हा माझ्या बापानं इतके फोन केले नव्हते.

पण या चौदा महिन्यांच्या मधेच एक वाईट गोष्ट झाली. पोळ्याच्या आधी बबनरावांना झटका आला. हलका होता. चालणं राहिलं, बोलणं राहिलं, रागावणं तर सगळंच राहिलं. फक्त उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं ऐकेनाशी झाली. पेला धरता येई, पण चाकू धरता येईना. त्यांनी डाव्या हाताचा सराव सुरू केला. एकदा घरी कोणी नाही असं पाहून डाव्या हातात जुना चाकू धरला आणि पातं दातांनी उघडायला गेले. ओठ फाटला, चार टाके पडले. त्यांच्या बायकोनं, गोजराबाई काकूंनी, त्याच दिवशी बिस्किटाचा डबा उचलला आणि ज्वारीच्या कोठीत टाकून कुलूप लावलं.

काकूंचा चाकूंवर आधीपासूनच राग. रिकामी कात्री आणि रिकामा चाकू वाजवला की घरात तंटे होतात, असं त्या मानतात, आणि आमचा तर सगळा छंदच रिकामा चाकू वाजवण्याचा! मी अंगणात खट् करून चाकू उघडला की आतून आवाज यायचा, "अनुपराव, तुमच्या घरी जाऊन वाजवा, तथी सपना आहे भांडाले!"

डोळे भरायचा हंगाम आला तसे बबनराव गप्प व्हायला लागले. लोकांचे फोन यायचे, ते म्हणायचे, "यंदा दुसरा पाहा बाप्पा." एकदा मला म्हणाले, "अनुप, चाकू माह्यानं उघडला पाहिजे. मले स्वतःले. बायकोनं उघडून दिलेल्या चाकूनं मी काम नाही करत. मंग तिनंच करावं." आता ही निव्वळ आढ्यता, हे मला कळत होतं. पण चाळीस वर्षं ज्याच्या हाताकडे गाव बघत राहिलं, त्यानं कोणाकडे चाकू उघडून मागायचा? त्या एका बोटानं उघडणाऱ्या चाकूची ते माझ्यापेक्षा जास्त वाट पाहत होते, आणि का पाहत होते ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

जानेवारीत चाकू आला. डबा घेऊन मी घरी गेलोच नाही, सरळ बगीच्यात गेलो. संत्र्याची तोडणी चालू होती. रवीची जीप माल न्यायला उभी होती. काकू कॅरेटमध्ये संत्री रचत होत्या. बबनराव बाजेवर बसले होते. मी डबा उघडून चाकू बाजेवर ठेवला, रीतीप्रमाणे. त्यांनी तो डाव्या हातात घेतला, बराच वेळ नुसता तोलला आणि म्हणाले, "हातात आहे का नाही तेच समजत नाही बे." मग डाव्या हाताचं पहिलं बोट मागच्या कळीवर दाबलं. टक्. पातं बाहेर.

माणसाचा चेहरा असा झालेला मी क्वचित पाहिला आहे. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी चाकू स्वतः उघडला होता. काकूंचेही हात संत्र्यांवर थांबले. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू?

बंद करताना मात्र घोटाळा झाला. पातं मिटायचं तर कुलूप दाबावं लागतं, आणि ते उजव्या अंगठ्यासाठी केलेलं. आम्ही तिघांनी चौदा महिने वजन पाहिलं, पोलाद पाहिलं, आवाज ऐकला, पण कोणत्या हाताचा चाकू हे कोणीच विचारलं नाही. म्हणजे ते उघडायचे, खाली ठेवायचे, मी उचलून बंद करायचो, खाली ठेवायचो, ते उचलून पुन्हा उघडायचे. असं दहा-बारा वेळा झालं. रवी हसून हसून वाकला. "तुमचं चाकूचं चाललं का लगोरीचं?"

मग त्यांनी जंबेरीची एक काडी मागवली आणि डाव्या हातानं चीर दिली. वाकडी आली, पण साल फाटली नाही. दुसरी दिली, ती सरळ. "याच्यानं होते," ते म्हणाले. "असा दुसरा किती दिवसांनी भेटते?"

"आज नाव लिहिलं तर सव्वा वर्ष."

"बरं," ते म्हणाले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मानोऱ्याकडच्या एका तांड्याजवळ तार तुटली होती, साहेब ओरडत होता. मी उठलो. बबनरावांनी मला चाकू दाखवला, मी बोलता बोलताच तो बंद करून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पुन्हा उचलला, एकदा बोट फिरवलं, खाली ठेवला आणि म्हणाले, "ठेवला, घे." मी फोनवर साहेबाला "हाव हाव" म्हणत होतो. ते हाव त्यांनी स्वतःसाठी घेतलं. मी गाडीला किक मारली.

तासाभरानं खांबावर वायर सोलायला खिशात हात घातला, तर चाकू नाही. चौदा महिन्यांचा चाकू आणि चौदा तासही खिशात नव्हता! खाली उतरून फोन केला. "तू उचलला न?" बबनराव म्हणाले. मी नाही म्हणालो. "मी तुह्यासमोर ठेवला." रवीला फोन केला, तो वाशिमच्या रस्त्यावर होता, त्यानं जीप थांबवून सगळी झाडली. काही नाही. संध्याकाळी बगीच्यात जाऊन बाज उलटी केली, गवत चाळलं. काही नाही.

आणि इथे माझं डोकं फिरलं. मला राहून राहून त्यांचा तो चेहरा आठवत होता, आणि ते "बरं." माझ्या तोंडातून निघून गेलं, "काका, ठेवाचाच होता तर सांगाचं होतं. मी देला असता."

काकू पाणी घेऊन येत होत्या, त्या तिथेच उभ्या राहिल्या. बबनराव उठले. डाव्या हातानं सदऱ्याचा डावा खिसा उलटा केला. मग उजवा. उजव्या खिशात डावा हात जायला वेळ लागला, तरी त्यांनी तो घातला आणि तोही उलटा केला. एक तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी पडली. "पाह्यलं?" ते म्हणाले. "जा आता."

मी गेलो. रस्ताभर स्वतःला समजावत होतो की मी काय चुकीचं बोललो. घरी सपनाला सांगितलं तर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ताट पुढे सरकवलं. इतकंच म्हणाली, "त्या मानसाले चोर म्हटलं तुमी?" त्या रात्रीच्या भाकरीला चव नव्हती. रोज सकाळचा "आला?" हा फोन बंद झाला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, सात वाजता, मोबाईल हातात घेऊन बसलो तेव्हा.

आठ दिवस गेले. मी गेलो नाही, त्यांनी बोलावलं नाही. मग रवीचा फोन आला, वाशिमहून. हसू आवरत नव्हतं त्याला. "लेका अनुप, तुहा चाकू इथी संत्रे विकून राह्यला!"

वाशिमच्या बाजारात बाबूलाल म्हणून फळवाला आहे, बबनरावांचा माल त्याच्याकडे जातो. रवी त्याच्या गाड्यासमोर उभा होता, तर बाबूलाल माझ्या चाकूनं संत्रं कापून गिऱ्हाईकाला चव दाखवत होता. रवीनं विचारलं तर म्हणे, "कॅरेटच्या बुडी निघाला. म्या म्हटलं बबनरावनं मालासंग चाकू फ्री देला असन. भारी आहे भाऊ, आठ दिवस संत्रे कापतो, डाग नाही पडला. सुतळी तर अशी कापते!" ज्या पात्याला मी कागदही जपून लावत होतो, त्यानं बाबूलाल आठ दिवस सुतळी कापत होता.

सगळं तिथेच उलगडलं. बबनरावांनी चाकू खाली ठेवला तो बाजेला लागून असलेल्या भरल्या कॅरेटवर. हातात दिला असता तर हातात राहिला असता. आम्ही सगळ्या बाजारात ज्या सडपातळपणाची, ज्या हलकेपणाची बढाई मारत होतो, त्याच्यामुळेच तो संत्र्यांच्या फटीतून आवाज न करता खाली गेला आणि रवीच्याच जीपमधून वाशिमला गेला. बबनराव खरं बोलले होते. त्यांनी ठेवला होता, माझ्यासमोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी रवीकडून चाकू घेऊन मी बगीच्यात गेलो. बबनराव बाजेवर होते, काकू तुरीच्या शेंगा निवडत होत्या. मी चाकू बाजेवर ठेवला आणि सगळं सांगितलं, बाबूलालसकट. काकूंना हसू आलं, ते त्यांनी पदरात दाबलं. बबनराव हसले नाहीत.

"काका, चुकलो मी," मी म्हणालो. "हा तुमीच ठेवा. हंगाम तुमचा आहे. उचला."

"माहा नाही तो."

"उचला न काका."

"ज्यानं ठेवला त्यानं उचलावा."

मी उचलत नाही, ते उचलत नाहीत. चाकू बाजेवर पडलेला. म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं ते थेट रस्त्याकडे. मी पण हट्टी. किती वेळ गेला असेल कोणास ठाऊक, एक एसटी गेली, दोन ट्रक गेले. शेवटी काकूंनी सूप आदळलं. त्या उठल्या, बाजेवरचा चाकू उचलला, बबनरावांचा डावा हात धरला, बंद मूठ उघडली आणि चाकू सरळ हातात ठेवून बोटं वरून मिटली.

"अवं!" बबनराव दचकले. "हातात काहून देलं? भांडण होते!"

"व्हाचं होतं ते हातात न देताच झालं न?" काकू म्हणाल्या. "आठ दिवस घरात सुतक असल्यासारखं बसले तुमी. आता कोनतं राह्यलं? धरा, अन् उठा. जंबेरी वाट पाहून राह्यली."

बबनरावांनी बोट दाबलं. टक्. आवाज ऐकून काकू नेहमीसारख्या ओरडल्या नाहीत.

त्या दिवशी आम्ही पन्नास डोळे भरले. भरले म्हणजे त्यांनी. काकू खोड धरायच्या, ते डाव्या हातानं चीर देऊन डोळा बसवायचे, पट्टी मी ओढून बांधायचो. दुपारपर्यंत माझी कंबर गेली. चूक झाली की बबनराव मला शिव्या द्यायचे आणि मला त्या गोड लागत होत्या. चाकू बंद करायचं काम काकूंनी घेतलं. कुलूप दाबायची युक्ती त्यांना एकदाच दाखवावी लागली. पुढे शेंगा निवडता निवडता त्या नुसताच उघड-बंद करताना मला दोनदा दिसल्या.

कारागिराच्या यादीत मी पुन्हा नाव लिहिलं. या वेळी पहिल्या ओळीतच विचारलं, डाव्या हाताचं कुलूप करता का? तो म्हणाला करतो, पण वेळ लागेल. रवी म्हणाला, तोवर माझा चिनी वापर, केक कापून सवय आहे त्याला.

तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडायला सपना आणि मी दोघं गेलो. बबनराव रात्रभर झोपले नव्हते, हे काकूंनी गेल्या गेल्या सांगितलं. पहिली पट्टी त्यांनी कापली. डोळा काळा. दुसरी, काळा. कोणी कोणाकडे पाहिना. तिसरी कापली आणि ते वाकून बघत राहिले. मग नख लावून पाहिलं. मीही वाकलो. हिरवा होता, तांदळाच्या दाण्याएवढा, पण हिरवा.

ते ताठ झाले, पाणावलेले डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. चाकू उघडाच होता. मी सवयीनं हात मागे घेऊन ते खाली ठेवायची वाट पाहत उभा राहिलो. त्यांनी मूठ माझ्याकडे करून चाकू माझ्या हातात दिला.

"धर," ते म्हणाले. "पुढची पट्टी तू काप."